ऑनलाइन दुकानासाठी सॉफ्टवेअर निवडताना: आधी वही, मग ॲप

दिवसाला पाच-सात ऑर्डर येत होत्या तोवर आमचं सगळं एका एक्सेल फाइलमध्ये चालायचं. मी आणि माझी बहीण, दोघी मिळून कापडी पिशव्या विकतो. ऑर्डर आली की ओळ वाढवायची, पार्सल गेलं की ती ओळ हिरवी करायची. मग ऑर्डर तिसाच्या पुढे गेल्या. स्वतःच्या साइटबरोबर एका मार्केटप्लेसवरही (अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणारी साइट) माल लागला. आणि एका सकाळी छोट्या निळ्या पिशवीचा शेवटचा नग आम्ही दोघांना विकून बसलो. एकाला माफीचा मेल, पैसे परत आणि बदल्यात एक चांदणीचा रिव्ह्यू.

त्या धसक्याने आम्ही घाईघाईत तीन सॉफ्टवेअर घेतली आणि वर्षाच्या आत तिन्ही सोडली. त्यांच्यात खोट होती असं नाही. आपल्याला नेमकं काय हवंय हेच आम्हाला सांगता येत नव्हतं, त्यामुळे डेमो दाखवणारा जे दाखवेल ते हवंसं वाटायचं. तुम्ही त्याच टप्प्यावर असाल तर खालच्या क्रमाने जा. अधली पायरी गाळलीत तर ती पुढे दामदुप्पट वसूल होते.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- गेल्या तीन महिन्यांच्या सगळ्या ऑर्डर, सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकुराची फाइल)
- मालाची पूर्ण यादी: रंग, माप, वजन आणि पॅक केल्यावरची लांबी-रुंदी-उंची
- पेमेंट गेटवेकडून (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या बँकेत पोचवणारी सेवा) बँकेत जमा झालेल्या रकमांचा तपशील
- परत आलेल्या पार्सलांची यादी, कारणासकट
- व्यवसायाच्या नोंदणीची, कराची आणि बँक खात्याची कागदपत्रं स्कॅन करून. तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ताच बघा. गेटवेची पडताळणी बहुतेक वेळा तिथेच अडकते.
- डोमेन (साइटचं नाव) नेमकं कोणाच्या नावावर आहे याची खात्री
- एक वही. खरंच, कागदाची.

१. एका ऑर्डरच्या मागे चालत जा

एक ऑर्डर घ्या आणि ती आल्यापासून पार्सल दाराबाहेर पडेपर्यंत कोण काय करतं ते घड्याळ लावून लिहा. मी बहिणीच्या शेजारी वही घेऊन बसले. एका ऑर्डरला अकरा मिनिटं लागली. पिशवी शोधून पॅक करायला तीन. उरलेल्यातली सहा मिनिटं ग्राहकाचा पत्ता एकीकडून उचलून दुसरीकडे डकवण्यात गेली: साइटवरून एक्सेलमध्ये, एक्सेलमधून कुरिअरच्या पानावर, तिथून बिलावर, आणि शेवटी ग्राहकाला मेसेज. चार वेळा तोच पत्ता, आणि चार वेळा चुकायची संधी.

त्या आठवड्यात आम्ही ग्राहकांची माहिती सांभाळणारं एक महागडं सॉफ्टवेअर घेणार होतो. वहीतलं पान बघून तो बेत रद्द केला. दुखणं पत्त्याचं होतं, म्हणजे आधी हवं होतं ते ऑर्डरमधून थेट लेबल छापणारं साधन.

तुमचं पान वेगळं निघेल. कोणाचा वेळ परताव्यात जातो, कोणाचा फोटो चढवण्यात, कोणाचा 'माझं पार्सल कुठे आहे' या प्रश्नाला उत्तरं देण्यात. जिथे सर्वाधिक मिनिटं जातात, तिथलं साधन पहिलं.

२. प्रत्येक आकड्याचं घर ठरवा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याचं एकच घर हवं. बाकी सगळीकडे तो पाहुणा. वहीत डावीकडे लिहा: स्टॉक, किंमत, ग्राहकाचा पत्ता, मिळालेले पैसे, कर. उजवीकडे लिहा तो आकडा कुठे बदलायचा. एकाच ओळीत दोन ठिकाणं येत असतील तर भांडण तिथेच होणार आहे.

आमची निळी पिशवी कशी दोनदा विकली गेली, ते पाहा. दोन्हीकडचा स्टॉक जुळवणारं एक ॲप आमच्याकडे होतं, पण ते दर पंधरा मिनिटांनी जुळवायचं. ९:०० ला दोन्हीकडे स्टॉक १. ९:०२ ला साइटवर पिशवी विकली गेली. ९:०७ ला मार्केटप्लेसवर तीच पिशवी विकली गेली, कारण तिथे अजून १ दिसत होता. ९:१५ ला ॲपने येऊन पाहिलं आणि दोन्हीकडे शून्य केलं. ॲपच्या नोंदवहीत सगळं ठीकठाक!

म्हणून स्टॉकचं सॉफ्टवेअर बघताना 'सिंक होतं का' (म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळतात का) असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. हे विचारा:

- ठराविक वेळाने जाऊन बघता, की ऑर्डर पडताक्षणी वेबहुकने, म्हणजे दुकानाच्या सॉफ्टवेअरकडून आपोआप, निरोप येतो?
- निरोप हुकला तर नंतर पडताळणी होते का? वेबहुक कधी पोचत नाही, कधी तोच दोनदा येतो. दोनदा आला तर स्टॉक दोनदा कमी होईल का?
- एखादा बदल अडकला तर मला कळवता, की तो कुठल्यातरी लॉगमध्ये पडून राहतो?
- माल घेतलेला आहे पण गेलेला नाही, तो वेगळा दाखवता का?

शेवटच्या प्रश्नाला कमी लेखू नका. फडताळात दहा नग आहेत, त्यातल्या तिघांचे पैसे आले आहेत पण पार्सल निघालेलं नाही. विकायला सातच आहेत. ज्या सॉफ्टवेअरला दहा आणि सात यांतला फरक कळत नाही, त्याच्यावर मोजणीच्या दिवशी डोकं आपटावं लागतं.

आणि सिंक कितीही वेगवान असला तरी दुसऱ्या ठिकाणी एक-दोन नग कमीच दाखवा. तो स्टॉक वाया जात नाही, तो झोपेचा खर्च आहे.

३. मालाला नीट कोड द्या

सॉफ्टवेअर घेण्याआधी करायचं हे कंटाळवाणं काम. प्रत्येक रंग-मापाच्या जोडीला स्वतःचा एसकेयू, म्हणजे तुम्ही दिलेला मालाचा कोड. 'निळी पिशवी' हा एक माल नाही. निळी छोटी आणि निळी मोठी हे दोन. कोड छोटा, वाचता येईल असा, आणि एकदा दिला की कधीही दुसऱ्या मालाला द्यायचा नाही, जुना माल बंद झाला तरी. त्यात किंमत किंवा पुरवठादाराचं नाव घालू नका, दोन्ही बदलतात.

बाहेरच्या मार्केटप्लेसवर बहुधा ईएएन बारकोडही लागतो, तो १३ आकडी असतो. शेवटचा आकडा तपासणीचा: पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर यंत्राला लगेच कळतं.

आता सापळा. बारकोडची सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की ५९०१२३४१२३४५७ च्या जागी ५.९०१२३ई+१२ दिसतं. नुसतं दिसतं तोवर बिघडलेलं नसतं. पण तुम्ही एक किंमत बदलून फाइल सेव्ह केली की सीएसव्हीमध्ये तेच दिसणारं रूप लिहिलं जातं. पुन्हा उघडून रकाना रुंद करा, आकडे परत येत नाहीत. ५९०१२३० नंतर शून्यांची रांग. ४०० बारकोडची आमची ही माती मी स्वतः केली आहे. याच वाटेने ००४५१ हा कोड ४५१ होतो आणि ३-१२ असा कोड तारीख होऊन बसतो. (हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं समजू नका. 'मार्च१' सारख्या नावांची एक्सेल तारीख करत होतं म्हणून मानवी जनुकांची काही नावंच शास्त्रज्ञांनी बदलली, तसे नियम २०२० मध्ये छापून आले.)

उपाय सोपा: फाइल डबल-क्लिकने उघडायची नाही. रिकामी शीट उघडून 'डेटा' मेनूतून सीएसव्ही आयात करायची, कोडचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडायचे आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवायचं. नाहीतर मराठीत लिहिलेली मालाची नावं चित्रविचित्र चिन्हं होऊन बाहेर पडतात. आणि एसकेयूची सुरुवात शून्याने नको, अक्षराने करा.

४. दुकानाचा पाया: भाड्याचा की स्वतःचा

इथे लोक महिनोन्‌महिने घालवतात, आणि माझ्या मते तेवढी गरज नसते. मुळात दोन जाती आहेत.

भाड्याची जागा म्हणजे शॉपिफाय, बिगकॉमर्स अशी. दरमहा वर्गणी भरा. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट त्यांच्याकडे. गंमत म्हणजे शॉपिफायची सुरुवातच आपल्यासारख्या वैतागातून झाली: संस्थापकांना २००४ मध्ये स्नोबोर्ड विकायचे होते, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं आणि २००६ पासून तेच विकायला काढलं. भाड्याच्या जागेत भिंती पाडता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. उदाहरणार्थ, शॉपिफायवर मालाच्या पानाच्या वेब-पत्त्यातला (यूआरएल) 'प्रॉडक्ट्स' हा भाग बदलता येत नाही.

स्वतःची जागा म्हणजे वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स, किंवा प्रेस्टाशॉप, मॅजेंटो यांच्या मुक्त आवृत्त्या. सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), बॅकअप, अपडेट आणि मध्यरात्री साइट पडली तर उठणारा माणूस तुमचा. 'फुकट आहे' हा शब्द ऐकून निर्णय घेऊ नका. तो उठणारा माणूस कोण, त्याचं नाव वहीत लिहिता येत असेल तरच या वाटेला जा.

सॉफ्टवेअरलाही वय असतं. मॅजेंटोची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि पहिलीची देखभाल जून २०२० मध्ये थांबली. नुसतं बटण दाबून पहिलीतून दुसरीत जाता येत नव्हतं. थीम (दुकानाचं रूप) आणि जोडलेली एक्स्टेन्शन (वरून घेतलेल्या जास्तीच्या सोयी) नव्याने बांधावी लागायची. पाया निवडताना शेवटचं अपडेट कधी आलं आणि जुन्या आवृत्तीला किती वर्षं आधार देतात, हे बघा.

आमचा निर्णय? भाड्याची जागा. दोघींपैकी कोणालाही सर्व्हर सांभाळण्यात रस नाही, एवढं कारण पुरलं.

५. पैसे घेण्याची सोय

कार्डाचा क्रमांक तुमच्या सर्व्हरवर, एक्सेलमध्ये, मेलमध्ये, कुठेही येऊ देऊ नका. ग्राहक गेटवेच्या पानावर किंवा गेटवेच्या चौकटीत कार्ड भरतो आणि तुमच्याकडे फक्त टोकन (कार्डाच्या क्रमांकाऐवजी दिलेली खूण) येतं, अशीच व्यवस्था घ्या. कार्ड कंपन्यांचे पीसीआय डीएसएस नावाचे सुरक्षा नियम आहेत. कार्डाचा क्रमांक तुमच्या सर्व्हरवरून गेला की तपासणीची प्रश्नावली कैक पटींनी लांबते. कार्डावरचा सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायलाच बंदी आहे. फोनवर ऑर्डर घेऊन तो वहीत टिपणारे मी पाहिलेत. करू नका.

गेटवे निवडताना सगळे टक्केवारीवर घासाघीस करतात. मी आधी जमा रकमेचा अहवाल मागते. बँकेत येते ती एक एकगठ्ठा रक्कम: त्यात परवाच्या चाळीस ऑर्डर, वजा फी, वजा फीवरचा कर, वजा दोन परतावे. ही रक्कम ऑर्डर क्रमांकासकट ओळीओळीने फोडून मिळत असेल तर महिनाअखेरीला हिशेबाचा ताळा अर्ध्या तासात जमतो. नसेल तर एक रविवार जातो. आणखी एक प्रश्न: पैसे परत केले तर मूळ व्यवहाराची फी परत मिळते का? बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, आणि तुमचे परतावे जास्त असतील तर टक्क्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त दुखते.

६. पार्सल आणि परतावे

शिपिंगच्या साधनाकडून तीन गोष्टी पुरेत: ऑर्डरमधून थेट लेबल, एकाच वेळी अनेक लेबलं छापण्याची सोय, आणि ट्रॅकिंगचा क्रमांक आपोआप ग्राहकाला. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि मापावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर पैसे लावतात, म्हणून वरच्या यादीत पॅक केल्यावरची मापं मागितली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये भरली नाहीत तर ग्राहकाला एक भाडं दिसतं आणि तुमच्या बिलात दुसरं येतं.

परत आलेला माल स्टॉकमध्ये आपोआप चढवणारी सेटिंग बंद ठेवा. माणसाने बघितल्याशिवाय फाटकी पिशवी पुन्हा विक्रीला जाता कामा नये.

७. हिशेबाचं सॉफ्टवेअर

तुमच्या हिशेबनिसाला जे येतं ते घ्या. बस.

८. मेल पोचला पाहिजे

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या) डोमेनवर हव्यात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. तुमचे मेल ५००० च्या जवळपासही नसतील, तरी तिन्ही नोंदी करून टाका. मेलचं साधन त्या कशा टाकायच्या ते दाखवतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींची यादी) जाऊन डकवायच्या असतात.

ऑर्डरची पावती आणि सवलतीची जाहिरात एकाच पत्त्यावरून जाऊ देऊ नका. जाहिरातीला वैतागून कोणी स्पॅमचं बटण दाबलं की तुमची पावतीही हळूहळू स्पॅममध्ये जायला लागते.

९. फुकट चाचणीत काय करायचं

चाचणीचे चौदा दिवस बहुतेकजण थीम बघण्यात घालवतात. आम्हीही घालवले. त्याऐवजी तुमच्या गेल्या आठवड्यातल्या सर्वात किचकट दहा ऑर्डर घ्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधून काढून बघा: एकाच ऑर्डरचे दोन पार्सल, अर्धा परतावा, ऑर्डर दिल्यावर बदललेला पत्ता, सवलतीचा कोड लावून मग रद्द केलेला एक नग. अर्ध्या परताव्यात कर बरोबर कमी होतो का, हे हमखास पाहा. माझ्या अनुभवात निम्मी सॉफ्टवेअर इथेच गळतात.

मग सगळा डेटा बाहेर काढून बघा. ग्राहक, ऑर्डर, माल, तिन्ही सीएसव्हीमध्ये पूर्ण निघतात का? आत जाताना बाहेरचं दार बघून ठेवायचं. शेवटी सपोर्टला एक खरा, अवघड प्रश्न पाठवा. उत्तर किती वेळात येतं यापेक्षा, उत्तर देणाऱ्याने प्रश्न वाचला आहे का ते बघा.

आणि दर कसा वाढतो ते तुमच्या आजच्या ऑर्डरच्या तिप्पट आकडा धरून मोजा. वर्गणी, प्रत्येक ऑर्डरमागचे पैसे, प्रत्येक लॉगिनमागचे पैसे, वरून लागणारी जोड-ॲप. आज स्वस्त दिसणारं साधन तिप्पट ऑर्डरींवर सर्वात महाग निघालेलं मी पाहिलंय.

१०. किल्ल्या कोणाकडे

डोमेन, मुख्य ईमेल, गेटवे, दुकानाचं मालकी खातं, ही चारही तुमच्या नावावर आणि टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर आणखी एक पडताळणी) लावून. साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नाहीत. त्याला वेगळं लॉगिन द्या, काम संपलं की काढा.

महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत स्वतःकडे उतरवा. गूगल ॲनालिटिक्सची (साइटवर किती लोक येतात ते मोजणारं साधन) जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ ला नवी नोंद घ्यायची थांबली, आणि वर्षभराने जुन्या नोंदीही बघता येईनाशा झाल्या. ज्यांनी उतरवून ठेवल्या नव्हत्या त्यांचे आधीच्या वर्षांचे आकडे गेले.

११. हलवाहलवीचा दिवस

आठवड्यातला सर्वात मंद दिवस निवडा. सणासुदीच्या किंवा सेलच्या तोंडावर तर नकोच. क्रम असा ठेवा:

- दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो.
- आदल्या संध्याकाळी माल हाताने मोजा. जुन्या सॉफ्टवेअरमधला आकडा उचलून नव्यात टाकू नका, चुकाही बरोबर येतात.
- जुन्या पानांच्या पत्त्यांची यादी काढून प्रत्येकाला नव्या पत्त्यावर ३०१ ने (म्हणजे 'पान कायमचं हललं' या निरोपाने) वळवा. सगळ्यांना मुखपृष्ठावर ढकलू नका. शोधून आलेला माणूस आणि गूगल दोघंही हरवतात.
- ग्राहकांचे पासवर्ड सहसा नव्या जागी येत नाहीत, कारण ते मूळ रूपात साठवलेलेच नसतात. 'नवीन पासवर्ड करून घ्या' असा मेल आधीच लिहून ठेवा, नाहीतर सकाळी तक्रारींचा पाऊस.
- साइट सुरू झाली की स्वतःच्या कार्डाने एक खरी ऑर्डर करा, लेबल छापा, मग तिचा परतावाही करा.

जुनं दुकान लगेच पुसू नका. परताव्याची मुदत उलटेपर्यंत ते फक्त बघण्यापुरतं चालू ठेवा, कारण जुन्या ऑर्डरचा प्रश्न घेऊन कोणीतरी येतंच. ती मुदत संपण्याच्या तारखेला कॅलेंडरवर गजर लावा: जुन्या दुकानाची आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक ॲपची वर्गणी वेगवेगळी बंद करायची. मुख्य खातं बंद केलं की बाकी आपोआप बंद होतं, असं आम्ही धरून चाललो होतो. एका स्टॉक ॲपचे पैसे त्यानंतर पाच महिने कार्डावरून कापले जात होते. तेच ते, दर पंधरा मिनिटांनी जुळवणारं.